पाच की सात

माझी लाडकी लेक आयला,

तुझ्या बाबांच्या सत्तरीला मायोर्का बेटावर गोल्फ खेळायला जायचंय. विमान, हॉटेल, सगळं ठरत आलंय आणि माझ्या जिवाला घोर लागलाय.

काल क्लबात ग्रेगरकाका बाबांना सगळ्यांदेखत म्हणाले, "मर्डो, सात फटके मारून पाच लिहितोस? म्हातारपणी लबाडी सुचली का रे?" गोल्फमध्ये जितके कमी फटके तितका खेळाडू सरस; ते कमी करून लिहिणारा लबाड, आपल्या स्कॉटलंडात यापेक्षा मोठी शिवी नाही. मी आपली हसले, "अहो, जुनीच खोड आहे त्यांची!"

घरी येताना बाबांनी हळूच विचारलं, "एफी, खरंच सात मारले मी?" आणि आज सकाळी, "कुठल्या बेटावर जायचंय गं?"

म्हणू देत लबाड. लबाड माणूस सुधारतो तरी.

हे पत्र मी पाठवणार नाही. फोनवर सहलीचं विचारशील तेव्हा एवढंच सांगेन, तिकडे ऊन छान असतं म्हणे.

तुझी,
आई