पिंडाला दिलेला शब्द

रविवार, ५ जानेवारी १९८६, नाहूर

नव्या सोसायटीविरुद्ध माझी पहिली आणि अतिगंभीर तक्रार येथे नोंदवून ठेवतो. माझ्या फियाटला बहाल केलेल्या सात नंबरच्या जागेवर एक जांभळाचं झाड आहे आणि त्यावर तालुक्यातल्या समस्त कावळ्यांचं कायमचं अधिवेशन भरतं. ठराव पास झाला की तो थेट माझ्या काचेवर पडतो. सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांच्याकडे दाद मागितली, तर म्हणाले, "यार, कावळ्यांना काय मेंबर करून नोटीस काढू?" हा मनुष्य बँकेत आहे. विनोदबुद्धीचं व्याज बहुधा तिथेच मिळत असावं.

बाकी घर झकास. दुसरा मजला, भरपूर उजेड, खिडकीला रुंद कट्टा. गिरगावच्या अंधाऱ्या खोलीत सत्तावीस वर्षं काढल्यावर इथे सकाळी पेपर वाचायला दिवा लागत नाही, याचंच अप्रूप वाटतं. सहा वर्षं शास्त्रीबुवांपुढे मांडी घालून जे न्यायशास्त्र, म्हणजे तर्कविद्या, शिकलो, त्याचा उपयोग शेवटी वार्ताहर होऊन पंचनामे वाचण्यात झाला. त्या मानाने आयुष्य बरं चाललंय म्हणायचं.

गुरुवार, ९ जानेवारी

'कायदा आणि आपण' या माझ्या सदराचा मजकूर पाठवला. या खेपेचा विषय, माणूस उडवून पळून जाणारे चालक. कायद्याचं म्हणणं अगदी साधं आहे: थांबा, जखमीला दवाखान्यात पोचवा, आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांत वर्दी द्या. निष्काळजीपणाने माणूस मेला तर कलम तीनशे चार अ, फार तर दोन वर्षं कैद. कायदा एवढा सौम्य असूनही जो पळतो त्याला मी 'चार चाकांवरचा उंदीर' म्हटलंय. उपसंपादकाला उंदीर खटकला. मला उंदरांची थोडी दया आली, एवढंच.

शुक्रवार, १० जानेवारी

माहुलला गेलो होतो. मासळीला तेलाचा वास येतो अशी कोळ्यांची तक्रार होती, ती लिहून घेतली. परत निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते, सूर्य समोर. काचेवर कावळ्याचा ताजा ठराव. वायपर लावला तर तो सगळीकडे फासला गेला. मी त्या डागाकडे पाहत होतो.

तेलाच्या टाक्यांच्या भिंतीलगत एक माणूस सायकलीसकट गाडीच्या डाव्या बाजूला आला.

मी थांबलो नाही. आरशातही पाहिलं नाही.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळीच मरोळला कुंडलिक मिस्त्रीकडे गाडी नेली. डावा दिवा फुटलेला, मडगार्ड आत गेलेलं. म्हैस आडवी आली म्हणालो. कुंडलिक हसला, "म्हशीचं नशीब चांगलं, भाऊ. रक्ताचा थेंब नाही." दीड तासात नवी काच. रक्त नाही म्हणजे फार लागलं नसावं, असा तर्क मी केला. न्यायशास्त्र शिकलेला माणूस असाच तर्क करतो.

संध्याकाळी सहा वाजता चोवीस तास संपले. त्या वेळी मी चहा पीत होतो.

सोमवार, १३ जानेवारी

संपादकांनी दोन माणसं माझ्या टेबलाशी पाठवली. सदर माझं, तेव्हा प्रकरणही माझंच. शेवंती, मयताची बायको. धाकू, त्याचा धाकटा भाऊ. मयताचं नाव गुणाजी. गिरणी बंद पडल्यावर माहुलच्या गोदामावर रखवालदार झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी ड्यूटीवर निघाला होता.

पोलिसांकडे अर्ज लिहून हवा होता. मी लिहिला. उत्तम लिहिला. घटनास्थळी सापडलेले दिव्याच्या काचेचे तुकडे जपून ठेवावेत, असंही सुचवलं. असली निर्लज्ज विद्वत्ता मी दुसऱ्या कोणात पाहिली असती तर तिच्यावर अग्रलेख लिहिला असता.

जाताना शेवंतीबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, माणूस पाऊण तास रस्त्यावर जिवंत होता. कोणी लगेच उचललं असतं, तर वाचले असते ना, भाऊ?

म्हणालो, कायद्याला हे सांगता येत नाही.

रविवार, १९ जानेवारी

दहावा. धाकू परवा येऊन सांगून गेला होता, तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, तुम्ही हवेतच. टाळलं असतं तर संशय आला असता. म्हणजे मला तसं वाटलं.

माहुलच्या खाडीकाठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या भिंतीवर रांगेने बसलेले. एकही खाली उतरेना. धाकूने हात जोडून सगळी वचनं दिली. चेडवाचं लगीन मी लावीन. वहिनीक अंतर देवचंय नाय. गावचं घर विकूचंय नाय. "शिव रे बाबा! तुझा मन खंय अडाकलाहा?" एक म्हातारा म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिवून टाका, उन्हं चढली. शेवंतीबाई ऐकेनात. ज्याने मारलं तो गावल्याशिवाय हे जेवायचे नाहीत, म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळल्या. तुम्ही लिहिता, तुमचा शब्द चालतो, तुम्हीच सांगा त्यांना.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पाण्याची चूळ टाकावी तसं सहज बोलून गेलो. "गुणाजी, तुला मारणारा माणूस मी तुझ्यापुढे उभा करीन."

एक कावळा भिंतीवरून उतरला. माझ्या चपलेला लागून चालत गेला आणि पिंडाला शिवला.

बायका रडल्या. धाकूने माझे पाय धरले. याला शास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, त्यात अर्थ नसतो.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर काचेचा एक तुकडा. जाड, उभ्या पन्हळी असलेला. त्याला भाताचं शीत चिकटलेलं.

पोरांनी फेकला असेल. दुसऱ्या मजल्यावर.

बुधवार, २२ जानेवारी

तीन तुकडे झाले. आज पाहिलं त्याला. कट्ट्यावर ठेवतो, चोचीने नीट माझ्याकडे सरकवतो. उडत नाही. हाकललं तरी नाही.

चंद्रप्रकाशला दाखवला. तो म्हणाला, कुठंय कावळा? मग काच पाहून म्हणाला, "भाऊ, तुमच्याच गाडीच्या लाइटची दिसते. पार वाट लागली होती वाटतं?"

शुक्रवार, २४ जानेवारी

पोलीस ठाण्यात गेलो. सांगून टाकायला गेलो होतो, हे लिहून ठेवतो, कोणी विश्वास ठेवो न ठेवो. हवालदाराने अर्ज लिहिणारा म्हणून ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, साक्षीदार नाही, नंबर नाही. असल्या केसची 'अ समरी' होते. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही, फाइल बंद. काचेची पुडी दाखवा म्हणालो. त्याने कपाटातून काढली. सील शाबूत.

आत काही नव्हतं. भाताची चार शितं.

तो शिपायावर ओरडत राहिला. मी चहा संपवला. कायद्याने मला सोडलं होतं आणि मी उंदरासारखा जिन्याने उतरलो.

रविवार, २६ जानेवारी

नऊ तुकडे. टेबलावर जुळवले. मी नव्हतो जुळवणार, हात जुळवत होते. दिवा जवळजवळ पुरा. मध्ये एक भोक, अंगठ्याएवढं.

खाली झेंडावंदन चाललंय. झाडावर एकही कावळा नाही. सगळे माझ्या गजांवर. गप्प.

खिडकी लावून घेतली.

सोमवार, २७

धाकू येऊन गेला. दार उघडलं नाही. बाहेरूनच बोलला. वहिनीच्या स्वप्नात गुणाजी येतो, पोटभर जेवलो म्हणतो. आता फक्त भाऊंनी दिलेल्या शब्दाची वाट बघतोय म्हणतो. "तुमचे उपकार, भाऊ."

उपकार —

मंगळवार

खिडकी बंद. तरी आत आहे. टेबलावर. चोचीत शेवटचा तुकडा. ठेवत नाही. माझ्याकडे बघतोय, मान तिरपी करून, जसा तो —

लिहून टाकतो. मग कदाचित ठेवील.

मला कावळ्याची भीती नाही. दोन वर्षांची नाही. नाव जाईल, नोकरी जाईल, त्याचीही नाही. वाचले असते ना, असं त्या बाईने विचारलं त्याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

दहा तारखेला मी खोटं लिहिलं. आरशात पाहिलं होतं. तो उठून बसला होता. हात वर केला होता. मला वाटलं शिव्या देतोय. शिव्या नव्हत्या, तो मला बोलवत —