शिबिराच्या दिवशीचा फोन

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी नेतृत्व शिकत होते. हसू नकोस. घरातल्यांचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांचं निवारागृह मी नऊ वर्षं चालवते आहे. ते कसं चालवायचं, हे आमच्या समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे भाषणमामांना, आता सुचलं. आम्हा सहाही जणींना दोन दिवस हॉटेलात शिबिराला बसवलं. विषय : नेतृत्व आणि खंबीरपणा.

शिकवणारे गृहस्थ कडक इस्त्रीचे. आयुष्यात त्यांच्यावर कुणी आवाजही चढवला नसेल. त्यांनी आम्हाला डोळे मिटून बांबू व्हायला सांगितलं. वादळात बांबू वाकतो, मोडत नाही म्हणे. आमच्या समुपदेशक बाईंनी विचारलं, की वादळ रोज दारू पिऊन घरी येत असेल तर बांबूने काय करावं. त्यावर त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

मामांनी सगळ्यांचे फोन बंद करायला लावले होते. निवाऱ्यात उरली फक्त स्वयंपाकीणबाई. भाजी चिरणारीला नेतृत्व कशाला, म्हणून तिला बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिथे एका बाईचा फोन आला. आदल्या दिवशी नवऱ्याने तिचं मनगट मोडलं होतं. आता तो अंघोळीला गेला होता आणि ती दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन कुजबुजत होती. स्वयंपाकीणबाईने तिला बोलतं ठेवून स्वतःच्या मोबाइलवरून मला फोन लावला. बंद. मग एकेक करून सगळ्यांना. सगळ्यांचे बंद.

मग तिने स्वतःच विचारलं, की नवऱ्याला अंघोळीला किती वेळ लागतो. दहा मिनिटं. तिने सांगितलं, भांड्यांवर नळ सोडून ठेव, त्याला वाटेल तू घासते आहेस. सामान घेऊ नकोस. मुलगी आणि कागदपत्रं तेवढी घे आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहा. आमच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला तिने तिथे धाडलं. संध्याकाळी आम्ही प्रमाणपत्रं मिरवत परतलो, तेव्हा त्या मायलेकी जेवून झोपल्या होत्या.

मला वीट आला आहे, ताई. राजीनामा लिहून ठेवला आहे.

तुझा लोभ आहे तेवढा असू दे. वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली दहा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. असे मामा मी पोत्याने पाहिले. उथळ पाण्याचा खळखळाट तो. त्यावर शाई का नासतेस?

पण एक विचारते. मामा म्हणाले फोन बंद करा, आणि तू केलास? आईने दार लाव म्हटलं तरी का म्हणून विचारणारी तू? पानभर मामांची सालं काढलीस आणि स्वतःचं एका शब्दात उरकलंस. राजीनामा रागाने देते आहेस की लाजेने, ते आधी ठरव. रागाने असेल तर खुशाल दे. लाजेने असेल तर ते पळून जाणं आहे.

माझा गुडघा बरा आहे. विचारला नाहीस, तरी सांगते.

बोलले म्हणून रुसायचं तर दोन दिवस रूस. लोभ त्याहून जुना आहे.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन नाही, चांगले पाच दिवस रुसले. गुडघा जप.

काल समितीची बैठक झाली. मामांनी अहवाल वाचला. त्या बाईची सुटका हे शिबिराचं पहिलं फळ म्हणे. वार्षिक समारंभात तिला आणि मुलीला व्यासपीठावर बसवायचं, वर्तमानपत्रात फोटो द्यायचा. नवरा तिला अजून शोधतो आहे, असं मी सांगितलं, तर म्हणाले चेहरा झाकू. बाप मुलीला फ्रॉकवरून ओळखणार नाही का, याचं उत्तर शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

मी उभी राहिले. म्हटलं, शिबिराचं फळ लिहायचंच तर असं लिहा, की त्या दिवशी एका बाईने मदत मागितली आणि सहा शिकलेल्या बायकांचे फोन बंद होते. सांगितलं मामांनी, पण प्रमुख मी आहे आणि माझा फोन मी बंद केला. चूक माझी. फोटो निघणार नाही. काढायचाच असेल तर आधी मला काढा.

मामा लालबुंद झाले, मला बेशिस्त म्हणाले आणि मतं घेतली. नऊ वर्षं बैठकीत बिस्किटांपलीकडे कशालाही हात न लावलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या बाजूने पहिला हात वर केला. चार विरुद्ध तीन. फोटो टळला. मामा अध्यक्ष आहेतच, खुर्ची सोडणाऱ्यांतले ते नव्हेत.

राजीनामा फाडला आणि स्वयंपाकीणबाईची माफी मागायला गेले. ती भाजी निवडत होती. एवढं सगळं तुला सुचलं कसं, असं विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, चार वर्षांपूर्वी मी इथे फोन केला तेव्हा तुम्हीच उचलला होता. तेव्हाच शिकले."

ताई, मामांची भाषणं मला स्वल्पविरामासकट पाठ आहेत. तिचा तो फोन मला आठवत नाही.

लोभ असू दे. सध्या जरा जास्तच लागेल.

तुझी,
धाकटी