गोठ्यातली बाळंतीण

श्रावण वद्य ३, शके १८५९

चित्र उतरवणार नाही. आधी हेच लिहून ठेवतो.

काल वाशीमकडचा मिशनचा दवाईवाला पाणी प्यायला ओसरीवर टेकला. भिंतीवरचं चित्र पाहून त्याने हात जोडले. आमच्या येशूचा जन्म, म्हणाला. तीनशे वर्षांपूर्वी कुणा वलंदेज, म्हणजे हॉलंडच्या, चिताऱ्याने तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून, शाई भरून ते छापलं म्हणे. आणि मी अकरा वर्षं त्याला गोकुळ समजत होतो! दर अष्टमीला त्याच्यापुढे पाळणा, सुंठवडा. गाव म्हणायला यायचं. आज तेच गाव म्हणतं — ग्यानबा बाटला.

वद्य ४

हिंगोलीला जाऊन चौकटवाल्या चाँद पाशाला गाठलं. गोकुळ म्हणून काहून विकलंस? तो खिळे ठोकतच राहिला.

"गायां हैं, बच्चा है, माँ है. और क्या होता गोकुल में?"

 

वद्य ५

चावडीवर बोलावणं. किसनराव पाटील म्हणाले, "ते चित्र जाळ. न्हाई तर तुझ्या उंबऱ्यावर कोणी चढणार न्हाई. सुईणबी न्हाई."

शेवटचं मुद्दाम बोलले. लेक सेवा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, दिवस भरत आलेत. गावात सुईण एकच — भिकाबाई. सेवासुद्धा तिच्याच हातची.

मी म्हणालो, गोठ्यात बाळंत झालेल्या बाईला हात जोडतो, तिची जात विचारली नाही. मागून कोणी तरी म्हणालं, पुढच्या अष्टमीला सुंठवडा का पाव? सगळे हसले. हसू देत.

वद्य ६

 बायको ताट जरा जोरात ठेवते. शेवटी म्हणाली, "लेकीपरीस कागद मोठा झाला का?"

मोठा नाही. पण आज उतरवला तर अकरा वर्षं जोडलेला हात खोटा ठरेल. तो खोटा नव्हता. हे तिला सांगता आलं नाही, इथे लिहितो.

वद्य ८

अष्टमी. कोणी आलं नाही. एकट्यानेच पाळणा म्हटला. दुसऱ्या कडव्याला आतून सेवाचा आवाज मिसळला.

मग चित्र नीट पाहिलं. सगळा काळोख, एका कंदिलाचा तेवढा उजेड. आई गवतावर आडवी, दमलेली. डोक्यामागे तेजाचं वलय वगैरे काही नाही. आपल्याकडे बाळंतिणीजवळचा दिवा विझू देत नाहीत — त्या चिताऱ्याला हे कुणी सांगितलं असेल?

वद्य १०

दुपारी सेवाला कळा सुरू झाल्या. बायको भिकाबाईकडे धावली. खरं लिहितो — माझा हात चित्राच्या खिळ्यापर्यंत गेला होता. तेवढ्यात भिकाबाई आली. भर उन्हात, पाटलाच्या दारावरून, पुढच्या दाराने! पाय धुताना तिने चित्राकडे पाहिलं.

"पांघरूण बराबर घातलंय हिला. सुईण कोण व्हती?"

आणि आत गेली.

दिवेलागणीच्या आधी नात झाली. दोघी सुखरूप. पाटील, ऐका!

वद्य १३

दवंडी पिटली. भिकाबाईला यापुढे कोणत्याही घराने बाळंतपणाला बोलवायचं नाही. चाळीस वर्षं या गावातलं प्रत्येक पोरगं तिने हातात झेललं. पाटलाची दोन्ही मुलंसुद्धा.

अडून बसलो मी. भोगणार ती. चार दिवस छाती काढून हिंडत होतो, त्याची लाज वाटते.

भाद्रपद शुद्ध १

सकाळी ठरवलं — चित्र चावडीवर नेऊन द्यायचं, तिच्यावरची बंदी उठवून घ्यायची. उतरवायला हात घातला. नातीला न्हाऊ घालून भिकाबाई बाहेर येत होती. ती उंबऱ्यातच थांबली.

"राहू द्या, बापू. आता उतरवलं तर मी काहून आले व्हते?"