हुसेनमामूंची पलटण कोणती?

शर्क, कुवेत
२ डिसेंबर १९६१

प्रिय हुसेनमामू,

टोपी एका पलटणीची, खांद्यावरची दोरी दुसरीची, कमरेचा पट्टा तिसरीचा आणि शर्ट भलत्याच कुणाचा, असा माणूस नेमका कोणत्या पलटणीचा म्हणायचा? मामू, मी इतिहास घेऊन बी. ए. झाले आणि मला याचं उत्तर येत नाही. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही चष्मा पुसून, शांत बसून वाचाल.

प्रश्नाच्या गडबडीत सलाम मागे राहिला, तो आता घ्या. जमिलामुमानींनाही सांगा. त्यांचा गुडघा कसा आहे? तेल लावतात का नुसतं शेजारणींना दाखवतात? आम्ही इथे सुखरूप आहोत. हारूनभाई सकाळी ऑफिसात जातो आणि संध्याकाळी घरी आला की ऑफिसातल्या सगळ्यांना नावं ठेवतो, म्हणजे त्याची तब्येत उत्तम आहे. झुलेखाभाबीला सातवा महिना लागलाय. तिला मध्येच सांदणाची आठवण येते आणि ती रडते, मग मी करते आणि ते खाऊन ती पुन्हा रडते. माझ्या शाळेतली मुलं मला ‘टीचर’ म्हणतात आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देतात. जुलैत ज्या गच्चीवर पाय ठेवला तर भाजायचा, तिथे आता आम्ही उन्हाला बसतो.

आता मुद्द्याकडे. तुम्ही पावसाळ्यात तुमचा तो बसऱ्यातला, लष्करी पोशाखातला फोटो पाठवलात आणि लिहिलंत की येत्या सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा माजी सैनिकाच्या हातून चढवायचा आहे, हेडमास्तरांनी तुमचं नाव घेतलं, आणि जमातीच्या बैठकीत कमालचाचा उठून म्हणाले, “पलटणीचं नाव सांगा म्हणावं, मग चढवा झेंडा! वीस वर्षं ऐकतोय, बसऱ्यात होतो, बसऱ्यात होतो. बसऱ्यात तर खजूरही असतो.” (हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, यावरूनच ते किती लागलं ते कळलं.) तुम्हाला पलटणीचं नाव आठवत नाही, हे मी मान्य केलं. मुमानींना तरी तुमच्या लग्नाचं साल कुठे आठवतं? पण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘नाहीच सापडलं, तर एखादी भारदस्तशी पलटण बघून परस्पर हेडमास्तरांना कळव.’ त्या ओळीने माझी झोप उडाली.

योग असा की तेव्हा इथे खरोखरीचं ब्रिटिश सैन्य उतरलं होतं. इराक कुवेत गिळणार या भीतीने बोलावलेले हे शिपाई उन्हाने लाल होऊन वाळवंटात बसले होते, आणि त्यांना बर्फ पुरवायचं काम हारूनभाईच्या कंपनीकडे होतं. मी त्याचा जेवणाचा डबा घेऊन ऑफिसात जायची, ती पदराखाली फोटो घेऊनच. एके दिवशी बर्फ न्यायला दोन सार्जंट आले होते. मी हिय्या केला आणि कॉलेजात शिकलेल्या इंग्रजीत विचारलं की हे माझे मामू, यांची पलटण सांगाल का. त्यातला मॅक्रे हा स्कॉटलंडचा. त्याने फोटो पाहिला आणि तो आणखी लाल झाला. तुमच्या डोक्यावरची गोंड्याची टोपी त्यांच्या डोंगरी पलटणींची. कोणती ते तिच्यावरच्या बिल्ल्यावरून एका क्षणात कळलं असतं, पण मामू, तुम्ही टोपी उलटी घातली आहे आणि बिल्ला गेलाय पलीकडच्या कानावर! स्कॉटलंडचा असा अपमान त्याने लढाईतही पाहिला नव्हता म्हणे. दुसरा पॉटर, तो तोफखान्यातला. तो म्हणाला, टोपी जाऊ दे, उजव्या खांद्याची पांढरी दोरी बघ, हा माणूस आमचा. मॅक्रे म्हणाला, डोकं वर असतं का खांदा? पॉटर म्हणाला, काही जणांच्या बाबतीत सांगता येत नाही. मग ते दोघे आपापल्या पलटणीच्या मागच्या दोनशे वर्षांच्या लढाया काढून भांडले, आणि बाहेर गाडीवर बर्फाचं पाणी झालं. हारूनभाई मला म्हणाला, “तुझ्या मामूपायी आज फौज गरम पाणी पिणार!” (एरवी तुम्ही आमचे दोघांचे मामू. बर्फ वितळला की फक्त माझे.)

फौज ऑक्टोबरात परत गेली, तरी मी हटले नाही. तेलकंपनीच्या गोदामावर बेल नावाचे म्हातारे साहेब आहेत, दुसऱ्या महायुद्धात ते इराकमध्येच होते. कामानिमित्त ऑफिसात आले, तेव्हा हारूनभाईने मला निरोप धाडला, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की फोटोचा निकाल लागल्याखेरीज त्याला डबा वेळेवर मिळणार नाही. बेलसाहेबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि मग मला ब्रिटिश पलटणींची रचना समजावली. ती मला लगेच कळली, कारण ती आपल्यासारखीच आहे. त्यांची रेजिमेंट म्हणजे आपलं खानदान. नाव एक, अभिमान एक, पण सगळे एका जागी कधीच नाहीत. तिच्या बटालियनी म्हणजे भाऊ, एक मुंबईत, एक आफ्रिकेत, एक बोटीवर. आणि लढायला जी ब्रिगेड उभी करतात ती म्हणजे मुंबईतली चाळ, प्रत्येक मजल्यावर वेगळं खानदान आणि पाण्यावरून कुरबुर. पण एका खोलीत मात्र एकाच गावची माणसं. तुमच्या फोटोत तसं नाही. काळा पट्टा रणगाडेवाल्यांचा, दोरी तोफखान्याची, टोपी डोंगरी शिपायांची, आणि मागे-पुढे उभे असलेले आठ गोरे आठ ठिकाणचे. शिवाय हिंदुस्थानी माणूस त्यांपैकी एकाही गोऱ्या पलटणीत भरती होणं शक्यच नव्हतं. हिंदुस्थानी पलटणी निराळ्या असत. मी विचारलं, मग असे निरनिराळ्या पलटणींचे शिपाई, सोबत एकही अधिकारी नाही, असे कुठे सापडतात? साहेब म्हणाले, तीनच ठिकाणी. लष्करी इस्पितळ, लष्करी तुरुंग आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छावणीचा भटारखाना.

मामू, माफ करा, मी आठवडाभर तुम्हाला तुरुंगात ठेवलं. इस्पितळ म्हणावं तर कुणाला साधी पट्टीही नाही. तुम्ही नाव विसरलात, पत्रात टाळाटाळ केलीत, सगळं जुळत होतं. वर्गात मी मुलांना न्याय या विषयावर निबंध सांगितला आणि त्यांचे वाचताना माझेच डोळे भरले. शेवटी भाबीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली आणि म्हणाली, “बाय, जेलात फोटो एकेकट्याचा काढतात. आठ जणांना हसवून नाही.” मग मी फोटो घेऊन पुन्हा गच्चीवर गेले आणि या वेळी तुमच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. त्या आठांकडे बघितलं.

एक बोडका आहे, सगळ्यांत उंच आणि उन्हाने डोळे मिटलेला. एकाच्या खांद्यावर दोरी नाही. एकजण दोन्ही हातांनी चड्डी धरून उभा आहे, कारण त्याचा पट्टा तुमच्या कमरेला आहे! आणि डाव्या बाजूला उघड्या अंगाने छाती काढून उभा आहे तो बहुतेक सार्जंट, कारण तीन फितींचा शर्ट तुम्ही घातलाय, गुडघ्यांपर्यंत. आपल्या खाडीपट्टीतला प्रत्येक माणूस परदेशी गेला की कुणाचा तरी कोट मागून फोटो काढतो आणि घरी पाठवतो. (अब्बांच्या आणि यूसुफचाचांच्या फोटोत कोट एकच आहे, बाहीवरच्या डागासकट.) तुमच्याकडे कोट नव्हता, म्हणून त्यांतल्या चौघांनी आपापल्या अंगावरचं एकेक काढून तुम्हाला सजवलं. आणि मागे ओळीने ज्या काळ्या, गोल तोंडाच्या तोफा आहेत, ज्या आम्हाला लहानपणी तुम्ही बोट लावून मोजायला लावायचात, त्यांना कडी आहेत, मामू. तोफेला कडी नसतात. त्या आडव्या करून ठेवलेल्या जेवणाच्या देगा आहेत.

मी गच्चीवर एकटीच इतकी हसले की भाबी धापा टाकत वर आली. गावातल्या प्रत्येक लग्नात जमातीच्या देगा निघाल्या की चुलीपाशी तुम्ही बसता. तुमचा हात लागल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. कमालचाचांच्या तिन्ही मुलींच्या लग्नात तुम्हीच होतात. आणि आम्हा कुणालाही, बी. ए. झालेलीलाही, कधी विचारावंसं वाटलं नाही की तोफखान्यातला माणूस पाचशे पानांच्या मिठाचा अंदाज कुठे शिकला.

आता माझं म्हणणं ऐका. भारदस्त पलटणी मला पुष्कळ सापडल्या आहेत, त्यांची नावं इतकी लांब की झेंडा चढून होईल तरी संपणार नाहीत. पण मी खोटं नाव कळवणार नाही. मी मुलांना इतिहास शिकवते, आणि इतिहासात निदान माझ्या मामूंबद्दल तरी खरं असावं. पलटणीत माणसाला गणवेश सरकार देतं. तुम्हाला तो चार माणसांनी अंगावरून काढून दिला, आणि त्यांतला एक चड्डी धरून उभा राहिला. कोणत्या सुभेदाराला हा मान मिळाला असेल? तुमची लाज कशाची आहे मला कळत नाही. लढाईला निघालेली पोरं तुमच्या हातचं जेवून गेली. त्यातली किती परत आली, ते बेलसाहेबांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कॉलेजात धाडावं म्हणून सगळ्या घराशी एकटे भांडलात, ते काय मी परस्पर भारदस्त पलटणी शोधाव्यात म्हणून? तेव्हा मामू, तुमची परवानगी असेल तर मी हेडमास्तरांना खरं ते कळवते. नीट विचार करा, मुमानींशी बोला आणि उत्तर पाठवा. मी वाट बघेन.

मुमानींच्या गुडघ्याला आणि तुमच्या रागाला आराम पडो.

तुमची,
बिल्कीस

ता. क. फोटो परत मागू नका. भाबी म्हणते, बाळाला दाखवायचाय. हारूनभाई म्हणतो, उलटी टोपी आधी त्याला दाखवू नका.

ता. क. सांदण फुगत नाही. इथल्या तांदळाचा दोष की माझा, ते लिहा. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं, भाबी रोज रडते.

ता. क. वर परवानगी मागितली ती रीत म्हणून. हेडमास्तरांना पत्र मी मागच्या बोटीनेच धाडलंय, तुमच्या हाती हे पडेल तोवर त्यांनी ते दोनदा वाचलेलंही असेल. त्यात लिहिलंय: ‘श्री. हुसेन परकार हे युद्धकाळात बसऱ्याच्या छावणीत बावर्ची होते. ते कोणत्याही एका पलटणीचे नव्हते, सगळ्या पलटणी त्यांच्याकडे जेवायला येत. झेंडा त्यांनीच चढवावा. शंका असल्यास श्री. कमाल यांनी आपल्या मुलींच्या लग्नातलं जेवण आठवावं.’ खाली सही केली आहे, बिल्कीस सोलकर, बी. ए.