कोरड्या विहिरीतली बुडी

अहमदनगर,
सप्टेंबर १९७३

प्रिय राधाकृष्ण,

सलाम. तुझं पाकीट परवा माझ्या बहिणीच्या, मरियाच्या घरी पोचलं. पत्ता अर्धवट होता, तरी आलं. इथल्या मिशन कंपाउंडात थॉमसचा योहान एवढं पोस्टमनला अजून पुरतं. आत काय होतं ते तुला ठाऊक आहे. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी तुला माझ्या बोटीवरची एक हकीकत ऐकावी लागेल. माझे बाबा गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही. रागावला होतास का, असं विचारशील तर होतो, आणि आहे. रागावलेल्या माणसाने समुद्रातल्या गमती कशाला सांगाव्यात, असं तुला वाटेल. तरी वाच.

ज्या बोटीवर मी इतके दिवस चादरी बदलत होतो ती सहलीची बोट. आपल्याकडे बोट म्हटली की माणूस कुठून तरी निघून कुठे तरी पोचतो. या बोटीतल्या माणसांना कुठेच पोचायचं नसतं. अमेरिकेतल्या एका बंदरातून निघायचं, बहामाच्या बेटांना वळसा घालायचा आणि परत त्याच बंदरात उतरायचं. मधल्या दिवसांत माणसं खातात, उन्हात पडून लालभडक होतात आणि पुन्हा खातात. पहिल्या महिन्यात मी वैतागलो होतो, मग सवय झाली. गेल्या हिवाळ्यात या मंडळींसाठी एक नवी करमणूक आली. लाल दाढीचा एक अमेरिकन बोटीवर राहायला आला. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि उतारूंना समुद्राच्या तळाशी फिरवून आणायचं, हा त्याचा धंदा. टाकी साधारण आपल्याकडच्या दुधाच्या कॅनएवढी, पण चांगली जड. तिच्यातून एक रबरी नळी निघते, ती तोंडात धरायची आणि पाण्याखाली खुशाल श्वास घेत राहायचं.

समुद्रात नेण्याआधी तो उतारूंना बोटीवरच्याच पोहण्याच्या तळ्यात शिकवायचा. त्या तळ्यात आम्हा नोकरांनी पाय घालायचा नाही असा नियम होता. काठावर उभं राहून टॉवेल द्यायचे, बस. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो नियम ऐकून मी हसलो होतो आणि माझ्याबरोबरचा गोव्याचा एकजण माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय सांगणार, की एवढे समुद्र ओलांडून मी पुन्हा आपल्या गावच्या विहिरीपाशी येऊन उभा आहे म्हणून? आईच्या हातात घागर असायची, माझ्या हातात टॉवेल होते, एवढाच फरक. तर मी काठावरून त्या दाढीवाल्याचं शिकवणं ऐकत असे. तो सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचा. पाण्याखाली काहीही झालं तरी दम धरायचा नाही. श्वास चालू ठेवायचा. दम धरून वर आलात तर छाती फुटेल.

हे ऐकून मला बाबांची केवढी आठवण झाली असेल ते तूच जाणशील. प्रवरेच्या डोहात आपल्या दोघांना त्यांनी एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकवलं. त्यांचं आजोळ नदीकाठचं, तिथेच ते पाणबुडे झाले. तुझ्या पोटाखाली त्यांनी तळहात धरला होता आणि तू त्यांच्या मानेला मिठी मारून बोंबलत होतास. पाण्यात तुला त्यांचा विटाळ होत नव्हता, काठावर आल्यावर व्हायचा. नदीत दोन तास डुंबून आलेल्या तुला तुझी चुलती दारातच पुन्हा आंघोळ घालायची, आणि दुसऱ्या दिवशी तू ते आम्हाला सांगायचास तेव्हा बाबाच सगळ्यांत जास्त हसायचे. बुडी मारायच्या आधी ते आपल्याला एकच सांगायचे, "दम धरून ठिव. हात-पाय कायबी करू दे, दम सोडू नगं." तुझा दम माझ्यापेक्षा जास्त टिकायचा. हे ते कौतुकाने घरी येऊनही सांगायचे आणि मला राग यायचा.

गावाला त्यांचं पाणबुडेपण चांगलं कामाला यायचं. विहिरीत घागर पडली तर गळ टाकून काढत. माणूस पडलं की मात्र आमच्या वस्तीकडे धावत निरोप यायचा, थोमाला बोलवा. थॉमस म्हणायला गावाची जीभ वळत नव्हती. मग थोमा त्या पाण्यात उडी घालायचा, प्रेत वर काढून द्यायचा आणि घरी निघून यायचा. विहीर उपसून झाली, नवं पाणी भरलं की आमच्या आईने पुन्हा ओट्याच्या खाली उभं राहायचं, कुणी वरून घागरीत ओतेल तोवर वाट बघायची. आजोबांनी येशूला धरलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की हे सुटेल. देवळाऐवजी चर्च आलं, बाकी घागर तिथेच राहिली. आपण दोघं हे सगळं बघतच वाढलो. मी बघून चिडायचो आणि तू बघून खाली मान घालायचास. तेव्हा मला वाटायचं, मान घालतोय म्हणजे याला निदान लाज तरी वाटते.

तर ती बुडी. एका म्हाताऱ्या मडमेने समुद्रात उतरायचे पैसे भरले होते आणि तिच्या जोडीदाराला आयत्या वेळी बोट लागली. एकट्याने उतरायचं नाही असा त्यांचा शिरस्ता. तिच्या खोलीची झाडलोट मी करायचो, मला पोहता येतं हे तिला माहीत होतं. ती हट्टालाच पेटली की हाच पोरगा माझ्याबरोबर येईल. दाढीवाल्याने खांदे उडवले आणि माझ्या पाठीवर टाकी बांधली. तळ्यात शिकायचा मला हक्क नव्हता, म्हणून मी एकदम समुद्रातच शिकलो. खाली गेलो आणि सवयीने दम धरला. नळी तोंडात, हवा पाठीवर, आणि मी आपला गाल फुगवून तसाच. छाती भरून आली, कान दुखायला लागले, तरी श्वास घ्यायला धीर होईना. पाण्यात श्वास घेतला की माणूस मरतो हे माझ्या हाडात होतं. दाढीवाल्याने माझ्या छातीवर थोपटलं आणि बोटाने खुणावलं, घे. मी घेतला. गार, कोरडी, थोडी रबराच्या वासाची हवा आत आली. सोडली तर बुडबुडे गडगडत वर गेले.

राधाकृष्ण, तिथे जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. खाली पांढरी वाळू, तिच्यावर उन्हाच्या रेघा हलत होत्या. पिवळे मासे माझ्या डोळ्यांवर बांधलेल्या पाणचष्म्याजवळ येऊन बघून जायचे आणि मी कोण आहे याची त्यांना काही पंचाईत नव्हती. मडमेने माझा हात घट्ट धरला होता. मी तळाशी मांडी घालून बसलो, अगदी आपण डोहाकाठी बसायचो तसा, आणि नुसता श्वास घेत राहिलो. मला रडू आलं. पाण्याखाली रडलं तर चष्म्यात पाणी साठतं, हेही तेव्हाच कळलं. इतका सुखी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. मनात एकच, की हे बाबांना सांगायचं. त्यांनी जन्मभर दम धरला, आणि त्याची काही गरजच नव्हती.

वर आल्यावर अंगही नीट न पुसता मी त्यांना पत्र लिहिलं. चिडवण्याच्या सुरातच लिहिलं, की बाबा, तुम्ही आम्हाला साफ उलटं शिकवलंत, मी आलो की तुम्हाला मुंबईला नेतो, तिथे अशी टाकी मिळते का बघतो, मग आपण दोघं डोहाच्या तळाशी बसून गप्पा मारू. पत्र बेटावरूनच टाकलं. बोट फिरून बंदराला लागली तेव्हा मरियाचं पत्र माझी वाट बघत होतं. बाबा विहिरीत गेले, एवढंच त्यात नीट लिहिलेलं होतं. बाकी अक्षरं पाण्याने फुटली होती. तारीख बघितली. मी माशांमध्ये मांडी घालून बसलो होतो तेव्हा ते मातीत होते.

पुढचं तू बघितलेलं आहेस, मी फक्त ऐकलेलं. आई आणि मरियाने सांगितलं तसं लिहितो, चुकलं असेल तर दुरुस्त कर. दुष्काळाने विहीर आटली आणि गावाने ती आणखी खोल न्यायचं ठरवलं. त्या कामावर बाबा होते, आई मुरमाच्या पाट्या वाहत होती. विहीर कोरडी असली की तिला कुणाचेही हात चालतात. तुझा भाऊ गोरक्ष सुरुंग उडाल्यावर लगेच दोराने खाली उतरला, पाणी लागलं का ते बघायला. थांब म्हणून सगळे सांगत होते. तळाला पोचला आणि आडवा झाला. धूर कोंडला होता. बाबांनी कंदील सोडायला लावला, तो अर्ध्यातच विझला. सगळे मागे सरले. म्हणजे बाबांना पक्कं माहीत होतं, खाली हवा नाही. त्यांनी काय केलं, ते आई रोज सांगते. ओट्यावर उभं राहून त्यांनी डोहाकाठी घ्यायचे तसा लांब श्वास घेतला, गाल फुगवले आणि दोर धरून खाली गेले. कोरड्या विहिरीत त्यांनी बुडी मारली. गोरक्षच्या कमरेला दोर बांधला, दोन हिसके दिले. तुम्ही ओढलंत. गोरक्ष वर आला.

आणि दोर त्याच्या कमरेलाच राहिला. तुम्ही त्याला तसाच उचललात आणि मारुतीच्या पारावर घेऊन पळालात, दोर मागे मातीत फरफटत होता. थोमा वर आला का, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. आई ओट्यावरून ओरडत होती, "दोर सोडा रं, माझा मानूस खाली हाय." कुणी तरी गोठ्यातून दुसरा दोर आणेपर्यंत उशीर झाला होता, आणि दोर आला तरी खाली उतरणार कोण हा प्रश्न होताच. एवढा दम धरणारी गावात दोनच माणसं होती. एक खाली होतं. दुसरा तू, आणि तू गोरक्षच्या उशाशी बसला होतास. भाऊ मरतोय म्हटल्यावर कुणीही धावेल, मीही धावलो असतो, हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. पण पारापर्यंतच्या वाटेवर एकदा तरी तुझी मान मागे वळायला हवी होती. ज्याने तुझ्या पोटाखाली हात धरला होता तो माणूस खाली दम धरून तुझ्या दोराची वाट बघत होता. माझ्या पाठीवर उतारूंच्या करमणुकीची टाकीभर हवा होती. तिच्यातली चिमूटभर त्यांना पुरली असती. हे मनात येतं आणि जेवण जात नाही. ती नोकरी मी सोडली.

आता तुझ्या पाकिटाचं. सरपंच झालास, अभिनंदन. दसऱ्याला विहिरीवर बाबांच्या नावाची शिळा बसवायची, मी आणि आईने पुढे बसायचं, गावासाठी प्राण देणारे म्हणून सत्कार व्हायचा, वगैरे सगळं वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि एक गोष्ट सांगितली, जी तिने तोवर मरियालाही सांगितली नव्हती. पाऊस झाल्यावर, इथे नगरला यायच्या आधी, ती एकदा घागर घेऊन विहिरीवर गेली होती. पाणी वरपर्यंत आलं होतं. गोरक्षची बायको तिथे होती. आईला बघून ती ढसाढसा रडली, म्हणाली तुमच्यामुळे माझं कुंकू राहिलं. मग डोळे पुसून तिने पाणी शेंदलं आणि आईच्या घागरीत ओतलं. वरून. आई ओट्याच्या खाली उभी होती. तर माझं उत्तर असं. आम्ही दसऱ्याला येतो. आईच्या काखेत घागर असेल. ती खुर्चीत बसणार नाही, सरळ ओट्यावर चढेल. त्या वेळी सगळ्या गावासमोर तू विहिरीचा दोर तुझ्या हाताने तिच्या हातात द्यायचा आणि ती घागर भरून खाली उतरेपर्यंत तिच्याशेजारी उभं राहायचं. एवढं होणार असेल तर शिळा बसव, नाव थोमा लिहिलंस तरी चालेल. होणार नसेल तर माझ्या बापाचं नाव त्या दगडावर घालू नकोस, आणि आम्हाला पुन्हा बोलावूही नकोस. एकदा दोर मागे न्यायला तू विसरलास. या वेळी आठवण करून द्यायला हे पत्र लिहिलं.

दसऱ्यापर्यंत तरी तुझाच,
योहान