प्याल्यावरचा हात

पप्पा,

शुक्रवारी तुमच्या नातीचं दृढीकरण आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रभुभोजन घेणार. काल रुमैथियाहून येताना गाडीत मला विचारते, "ममा, यू आर कमिंग अप विथ मी, ना?" मी म्हटलं, बघू. बघू काय, कपाळ! तुम्ही गेल्यापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या कठड्यापाशी गुडघे टेकलेले नाहीत आणि त्याला कारण तुम्ही आहात. म्हणून आज तुमच्याशी भांडायला बसलेय.

फरवानियातली आपली खोली आठवते. गुरुवारी आई प्रभुभोजनाच्या रसासाठी मनुका उकळायची, इथे आखातात दारूबंदी, वाइन कुठली मिळायला! आठवडाभर तुम्ही कंपनीत स्टोअरकीपर आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पांढरा झगा चढवला की पाळकसाहेब. त्या गुरुवारी दार उघडलं तर समोर तुमच्या साइटवरचा सुतार, रत्नागिरीकडचा. डावा हात लोंबतोय, कान फाटलाय, शर्ट रक्ताने छातीला चिकटलाय. सेफ्टी बेल्टशिवाय परांचीवर चढणार नाही म्हणाला, म्हणून फोरमनने लोखंडी पाइपाने झोडपला होता. मी नुकतीच नर्स झालेले. फळी बांधताना त्याचं हाड माझ्या बोटांखाली करकरलं. "चारचौघांत मारला हो, कुत्र्यासारखा," एवढंच तो म्हणत राहिला.

फोरमन आपल्याच मंडळीतला, नगरकडचा, तुम्हाला इथे नोकरीला चिकटवणारा. तुम्ही तडक त्याच्याकडे गेलात. "आधी त्याची माफी माग, मग प्रभूच्या मेजाकडे ये." तो हसला म्हणे. "पाळकसाहेब, तो काय आपल्या मंडळीतला आहे का?"

मनात वैर ठेवून मेजाकडे यायचं नाही, हा आपल्या चर्चचा जुना नियम तुमचा भारी लाडका. त्यावर तुमची ठरलेली गोष्ट होती. इंग्लंडात जॉर्ज राजांच्या काळी एका खेड्यातल्या जमीनदाराने कुळाला चाबकाने फोडून काढलं आणि तिथल्या गरीब पाळकाने त्या जमीनदाराला प्रभुभोजनाची भाकर नाकारली. गोष्टीतला जमीनदार मान खाली घालून निघून जायचा. आपला फोरमन कुठला जातोय!

शुक्रवारी चर्चमधून आधीची मल्याळी मंडळी बाहेर पडतात, मग आपण आत जातो. तो पहिल्याच रांगेत गुडघे टेकतो. तुम्ही त्याच्यापाशी येता, प्याल्यावर तळहात ठेवता आणि पुढे सरकता. तो उठतो. तुमची मान धरून तोंड कठड्यावर आपटतो, पुन्हा आपटतो. आई किंचाळते. आणि मग तुम्ही वळता. हातात तोच पितळी प्याला. तो तुम्ही त्याच्या तोंडावर घालता. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला पप्पा, तो पडला तरी तुम्ही थांबला नाहीत. त्याच्या छातीवर बसून मारत होतात. चार बाप्यांनी ओढून काढलं तुम्हाला. पांढऱ्या झग्यावर रस कुठला आणि रक्त कुठलं, आईला धुतानाही कळेना.

पुढे काय झालं? टाके घातलेलं तोंड घेऊन फोरमन मजुरांच्या कॅम्पमध्ये गेला आणि सगळ्यांसमोर सुताराचे पाय धरले. तुमची नोकरी घालवणं त्याच्या हातात होतं, तेही केलं नाही. मग आपल्या दारात आला. "सलाम, पाळकसाहेब. चुकलो." तुम्ही म्हणालात, माफ केलं. दार लावलंत आणि मला म्हणालात, "तोंडाने केलं गं. हात अजून शिवशिवतोय."

त्या दिवसापासून झगा पेटीत गेला. दुसरे पाळक येऊ लागले, फोरमन पुढे जाऊन भाकर घेऊ लागला आणि तुम्ही शेवटच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसायचात. मनातलं वैर जात नाही तोवर नियम मलाही लागू, म्हणे. आई रडली, मी हातापाया पडले. ढिम्म! हॉस्पिटलात शेवटी पाळक भाकर घेऊन आले, मी स्वतः तुमचे ओठ ओले केले आणि तुम्ही दात आवळून तोंड मिटलंत. माझं बोट अडकलं त्यात. रक्त आलं. बाहेर तो फोरमन डबा घेऊन उभा राहून हमसून हमसून रडत होता.

त्याला मी तेव्हाच माफ केलं. म्हातारा झालाय आता, शुक्रवारी येईलही. राग तुमच्यावर आहे. एवढा कसला तो नियम, की माणसाने उपाशी मरावं? तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटतं, तुमचे ते दात उघडावेसे वाटतात. असं वैर मनात घेऊन पुढे कशी जाऊ, म्हणून मीही शेवटच्याच बाकावर बसते, अगदी तुमच्यासारखी हात दाबून. लेकीने ते बघितलंय.

तिला मघाशी सांगितलं, येते म्हणून. मन काही साफ झालेलं नाही, हे पत्र लिहूनही नाही, आणि ते टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर? तुमचा नियम मोडून, हात शिवशिवत असताना जाणार आहे मी. काय करू पप्पा, मला भूक लागलीय.