डेडलाइनची व्युत्पत्ती आणि न झालेली सही

॥ श्री संगमेश्वर प्रसन्न ॥
देवणी, गुरुवार

चि. जावईबापू गुरुपादप्पा यांस सिद्धराम यांचे आशीर्वाद व शरणार्थ. नांदेडच्या उकाड्यात आपले पित्त शमले असावे. नसल्यास हे पत्र जेवणानंतर वाचावे.

आपल्या इच्छेप्रमाणे मी काल लातुरास गेलो. माझ्या नातीने, म्हणजे आपल्या चि. शिवानीने, आणखी एक वर्ष क्लासच्या वसतिगृहात राहून डॉक्टरकीची परीक्षा पुन्हा द्यावी, या संमतीपत्रावर पालक म्हणून मला सही करावयाची होती. ‘मामा, पाच वाजताची डेडलाइन हाय, ध्यानात ठेवा,’ असे आपण फोनवर तीनदा बजावले होते. आता, व्युत्पत्ती ठाऊक नसलेला शब्द उच्चारणे म्हणजे भस्म न लावता पूजेस बसणे, ही माझी खोड आपण जाणताच. खिडकीवरील शहेबाज नावाच्या कारकुनास अर्थ विचारला. ‘शेवटची वेळ, बाबा. सही करा.’ मूळ विचारले, तेव्हा त्या सज्जनाने जाडजूड कोशच पुढे सरकवला. शिवानीने वाचून दाखवले: अमेरिकेतील यादवी युद्धात कैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेषा असे, ती ओलांडणाऱ्यास पहारेकरी गोळी घालीत. वाचता वाचता तिने कोश मिटून टाकला. (ती फार वाळली आहे.)

आपल्या पुराणांत रेषा रक्षणार्थ ओढतात, मारण्यासाठी नव्हे, हे मी रांगेतील पालकांस विशद करू लागलो. ‘आजोबा, प्रवचन मठात द्या की. आमचं लेकरू राहून जाईल,’ एक बाई म्हणाल्या. ते रास्तच, म्हणून प्रत्येकास मी आदरपूर्वक पुढे जाऊ दिले. साडेचार झाले. पावणेपाच झाले. ‘बाबा, पाच वाजायलेत,’ शहेबाज दोनदा म्हणाला. शिवानी माझ्या पेनाकडे पाहत होती. मी चष्मा पुसावयास घेतला, आणि खिडकी बंद झाली.

अपराध वार्धक्याचा. क्षमा असावी.

आपला,
सिद्धराम

ता. क. चष्मा स्वच्छ होता, आणि मी तीन वाजताच पोहोचलो होतो. ‘आजोबा, तुम्ही सही करणार का?’ एवढेच तिने विचारले. विचारताना तिने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती. भूकंपानंतर घर शाबूत असताना आपण चार महिने अंगणात झोपलात. कोणी आपणांस कारण विचारले नाही.

ता. क. दुसरा. शिवानी येथेच आहे. आजोबांच्या वेंधळेपणामुळे मुदत हुकली, असे ती समजते; तसेच समजू द्यावे. रविवारी यावे, आणि जावयाने सासऱ्यास बोलू नये ही रीत एक दिवस बाजूस ठेवून मला तिच्यादेखत भरपूर रागवावे. तिच्या वाट्यास काही उरू नये.